पांघरुणाखालचा हात

पाय चेपणारीचं नाव होतं आणि कुशीवर हात धरणारीचं होत नाही, हा शोध थोरलीला दवाखान्यात लागला.

आईच्या उजव्या फुफ्फुसाचा एक तुकडा काढला होता. बरगड्यांमधून केलेलं ऑपरेशन, म्हणजे दुखणं जीवघेणं. म्हणून भूल देणाऱ्या डॉक्टरांनी पाठीच्या कण्यात एक बारीक नळी बसवली होती. पंपातून तिच्यात सतत औषध जायचं आणि छातीचा तेवढा पट्टा बधिर राहायचा. दुखणं नाही, पण स्पर्शही नाही. नर्स तिथं बर्फ लावून बघायची तेव्हा आई विचारायची, "लावलात का?"

खोकताना जखमेवर तळहात दाबून धरा, खोकला दाबला तर कफ आत साठेल, असं फिजिओथेरपिस्टनं सांगितलं होतं. ते काम थोरलीनं घेतलं. पांघरुणाखाली हात घालून ती तासन्‌तास बसायची, खांदा भरून यायचा. धाकटी बसली पायाशी. पायांना सगळं व्यवस्थित कळत होतं.

भेटायला आलेल्या मावशीपुढे आईनं धाकटीचं तोंड भरून कौतुक केलं. "एवढ्या लांबून आली पोर, आणि आल्यापासून माझे पाय सोडले नाहीत. हाडाची काडं केली बघ तिनं."

"आणि ही?" मावशीनं विचारलं.

"ही असते की बसलेली."

थोरलीचा हात तेव्हाही आईच्या कुशीवरच होता.

तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. वर्षानुवर्षं आईची औषधं, तपासण्या, कुरकुर, सगळं हिनं निस्तरायचं. तो खोकला साधा नाही म्हणत एक्स-रेला ओढत नेलं तेही हिनंच. आणि धाकटी एक बॅग घेऊन उतरते काय, पाय धरते काय, आणि लाडकी ठरते काय! तशी धाकटी वाईट नव्हती. "ताई, तू जरा पड ना," असं ती सारखी म्हणत होती. पण थोरली इतकी जळत होती, की तिला ते 'ताई'सुद्धा झोंबायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी धाकटी आंघोळीला घरी गेली. आईला झोप लागली होती. एवढ्यात पंप वाजायला लागला. औषधाची पिशवी संपली होती. अशा वेळी लगेच बेल दाबा, असं नर्सनं दोघींनाही बजावलं होतं. थोरलीचा हात बेलकडे गेला आणि मधेच वळला. आवाज बंद करायचं बटण नर्स दाबायची ते तिनं पाहिलं होतं. तिनं तेच दाबलं.

थोडाच वेळ, ती मनाशी म्हणाली. आईला एकदा कळू दे, हा हात कुणाचा आहे ते.

पंप पुन्हा वाजला, तिनं पुन्हा त्याचं तोंड बंद केलं. वॉर्डात ऑपरेशन होऊन नवा पेशंट आला होता, सगळ्यांची धावपळ चालली होती. इकडे कुणी फिरकलं नाही. बऱ्याच वेळानं आईनं डोळे उघडले.

"तुझा हात का गं हा?" ती म्हणाली. "किती उबदार आहे. बरं वाटतंय."

थोरलीला भरून आलं. "पहिल्या दिवसापासून धरलाय, आई."

"हो? मला मेलीला कळलंच नाही."

एवढं बोलणं झालं आणि आईला खोकला आला. तिचा चेहरा पिळवटला. दुसरा खोकला तिनं तसाच गिळला. श्वास वरच्यावर अडकायला लागला. "काढ! काढ तो हात! कापतंय गं!"

थोरलीची पाचावर धारण बसली. ती बेल दाबतच राहिली. नर्स धावत आली, पंप बघून चमकली. डॉक्टरांना विचारून तिनं जादा डोस सोडला, नवी पिशवी लावली.

"हा वाजला नाही का?" तिनं विचारलं.



"तिला बोलू नका हो," आई कण्हत म्हणाली. "रात्रंदिवस तीच तर असते माझ्यापाशी. डोळा लागला असेल."

नर्स गेली. हळूहळू आईच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या, श्वास खोल झाला. दुखणं गेलं आणि कूस परत बधिर झाली. डोळे मिटल्या मिटल्या ती म्हणाली, "मघाशी ओरडले, रागावू नकोस. आता राहू दे तुझा हात. असाच धरून ठेव."

"हो, आई," थोरली म्हणाली. तिचे दोन्ही हात तिच्या मांडीवर होते. पांघरुणाखाली घालायची तिची छाती होत नव्हती.