गोवरच्या रकान्याशेजारी

मी बानूचं लसीकरणाचं कार्ड बोलतंय. नावाला कार्ड, पण मी आहे घड्यांची जाड पुस्तिका. माझ्या पहिल्या पानावर एक आई बाळाला मांडीवर घेऊन हसते आहे. वर्ष होत आलं, तिचं हसू तसूभर कमी झालेलं नाही. छापलेल्या आयांचं बरं असतं.

गठ्ठ्यात होतं तोवर मला नाव नव्हतं. दाक्षायणी सिस्टरनं माझ्यावर लिहिलं, 'आईचं नाव: दिपाली बिरुदेव गडदे. राहणार कुंभारी.' तेव्हापासून मी कुणाचं तरी झालं. माझ्या आत लशींचे रकाने आहेत, आणि मधल्या पानावर वजनाचा तक्ता. दर महिन्याला एक ठिपका पडायचा. ठिपका हिरव्या पट्ट्यात पडला की दिपालीचा श्वास मोकळा व्हायचा, तो मला चेहऱ्यावर लागायचा.

कामगार वसाहतीतल्या दोन खोल्यांत ही माणसं राहतात. बिरुदेव सूतगिरणीत शिफ्टला जातो. अंबुबाई, म्हणजे दिपालीची सासू, नातेपुत्याकडची मेंढरं थोरल्या मुलाच्या हवाली करून नातीसाठी इथं आली आहे. आणि दिपाली बाळंतपणाआधी पुण्यात एका ऑफिसात मजकूर लिहायचं काम करायची. ती नोकरी गेली. आता नवी हवी होती, घरी बसून करता येईल अशी.

तशी एक चालून आली. टॉवेल परदेशी पाठवणाऱ्या एका ऑफिसच्या संगमेश सरांना लिंक्डइनवर कंपनीच्या नावानं लिहिणारं माणूस हवं होतं. त्यांनी दिपालीचं पान उघडून पाहिलं आणि फोनवर म्हणाले, "मॅडम, तुमचं प्रोफाइल वर्षभर झोपलंय. असं करा, चार सोमवार स्वतःच्या नावानं चार पोस्ट टाका. लोक थांबून वाचतात का बघू. मग बोलू."

चार सोमवार. बोलायला किती सोपं!

विषय सुचायला निवांतपणा लागतो आणि दिपालीचा निवांतपणा दवाखान्याच्या रांगेतच असायचा. पिशवीत लंगोट, ओला रुमाल, अर्धं बिस्किट आणि मी. दुसरा कागद नसायचा. मग ती शिसपेन काढून माझ्या समासात लिहायची. 'करिअरमधल्या खंडानं मला काय दिलं?' खाली बारीक अक्षरात, 'पाठदुखी.' मग तो शब्द खोडायची.

एकदा दाक्षायणी सिस्टरनं वजन लिहायला मला उघडलं आणि साऱ्या रांगेला ऐकू जाईल असं वाचलं, "'अपयशातून शिकलेल्या पाच गोष्टी'? अगं ताई, हे बाळाचं कार्ड हाय की! पोरगी अजून उभी ऱ्हायला लागली न्हाई, तिला अपयश कुठलं?"

रांग हसली. दिपालीही हसली, पण तिचा अंगठा माझ्या कडेवर घट्ट रुतला होता.

"पुसते सिस्टर."

"पुस. आणि ही पुढची तारीख बघ. सतरा, बुधवार. नऊ महिन्यांची गोवरची लस. शिसपेननं लिहिलीय, तारीख हलली तर खाडाखोड नको. अंगणवाडीतच ये."

पहिल्या सोमवारची पोस्ट सात जणांना आवडली. त्यांत एक बिरुदेव होता आणि एक चुकून ती स्वतः. दुसऱ्या सोमवारी वेळेच्या नियोजनावर लिहायला बसली तर बानूनं फोनच तोंडात घातला. ती पोस्ट संध्याकाळी गेली, चार जणांनी पाहिली. कुणीतरी खाली लिहिलं, 'जय मल्हार.' बाकी शांतता.

मग तिनं सासूला गाठलं. "आत्या, इतकी वर्षं मेंढरं राखली तुम्ही. काय शिकलात त्यातनं?"

अंबुबाई लसूण सोलत होती. "शिकायचं काय त्यात? सांजच्याला वाड्यात घालताना मोजायची. येवढंच."

"आणि कमी भरली तर?"

"एक कमी आलं तर जेवायचं न्हाय. हुडकून आनायचं, मग भाकरी. मायाप्पा, तुझा सासरा, एकदा दोन दीस जेवला न्हवता. लई हट्टी."

दिपालीचे डोळे चमकले. बानू झोळीत होती, वही सापडेना, म्हणून तिनं मलाच ओढलं. समास तर भरलेला. जुने फसलेले विषय तिनं खोडरबरानं भराभरा पुसले आणि गोवरच्या रकान्याशेजारी लिहिलं, 'एक कमी आलं तर जेवायचं नाही.'

त्या भराभरीत सिस्टरची तारीखही पुसली गेली. सतरा गेली, बुधवार गेला. मला ते खोडरबर अंगावरून फिरताना कळलं. पण मला तोंड कुठं होतं? असतं तर तेव्हा ओरडलं असतं, आज बोलत बसलं नसतं.

तिसऱ्या सोमवारची मेंढरांची पोस्ट एकतीस जणांना आवडली. संगमेश सरांनी कळवलं, 'बरं आहे. पण अजून आतलं, वैयक्तिक हवं.'

सतरा तारखेला आशाताई लसीसाठी गल्लीतून हाका मारत गेली. अंबुबाई नातेपुत्याला गेली होती. बानू झोपली होती आणि दिपाली कानांत फोनची बोंडं घालून एका यशस्वी माणसाचं व्याख्यान ऐकत होती. व्याख्यानाचा विषय होता, विषय कसे सुचतात.

तीन आठवड्यांनी वसाहतीच्या मागच्या ओळीत गोवर निघाला. मग बानूला ताप आला. डोळे लाल, अंगभर पुरळ. दिपालीनं मला उघडलं, तारीख शोधली. तिथं मेंढरं होती. ती त्या ओळीवर बोट ठेवून बसली. परत आलेल्या अंबुबाईनं विचारलं, तेव्हा तिनं सगळं सांगितलं.

अंबुबाई ओरडली नाही. नातीच्या कपाळावर हात ठेवून एवढंच म्हणाली, "एक कमी आलं की गं मोजताना."

आठ दिवस बानू तापली. दवाखाना, औषध, पुन्हा दवाखाना. त्या आठ दिवसांत दोघी बायका नीट जेवल्या नाहीत. दोन सोमवार असेच गेले. चौथ्या पोस्टला विषय सुचेना म्हणून संगमेश सरांनी महिनाभर वाढवून दिला होता, तोही संपत आला. नवव्या दिवशी ताप उतरला आणि बानूनं पेजेसाठी तोंड उघडलं. दुपारी ती झोपल्यावर दिपालीनं माझा फोटो काढला, त्या पुसलेल्या रकान्याचा. आणि लिहिलं. एकही शब्द अडला नाही. मी तिला इतकं सरळ लिहिताना कधी पाहिलं नव्हतं. शेवटी तिनं एक ओळ जोडली, 'या चुकीनं मला नियोजन शिकवलं.' ती ओळ खोटी होती. तिला काहीच शिकवलं नव्हतं, फक्त घाबरवलं होतं.

सोमवारी दुपारपर्यंत हजारावर लोकांनी ते वाचलं. संगमेश सरांचा फोन आला. "मॅडम, रडवलंत! असंच हवं. पुढच्या महिन्याचे असे चार विषय पाठवा आणि कामाला लागा."

शेजारच्या पोरीनं ती पोस्ट अंबुबाईला वाचून दाखवली. ती आत आली. "बानूचं दुखनं लिवलंस व्हय?"

दिपालीनं बानूची चादर सारखी केली.

"नोकरी लागली का मग?"

"लागली, आत्या."

"बरं झालं." अंबुबाईनं पदराला हात पुसले. तिला टोमणा मारायचा नव्हता, खरंच कळत नव्हतं. "आता फुडच्या सोमवारी काय लिवनार?"

दिपालीनं बानूकडं पाहिलं. हडकलेले हात, मानेवर पुरळाचे काळे डाग. मग तिनं माझी पानं उलटली, पुन्हा पुन्हा, जणू चार विषय कुठंतरी लिहिलेले असतील. नव्हते. तिनं पोस्ट काढून टाकली आणि सरांना फोन लावला. "सर, टॉवेलवर लिहीन मी. सुतावर, रंगावर, कामगारांवर. चालेल?"

"टॉवेलचं कोण वाचतं हो?" ते हसले. "कळवतो."

कळवलं नाही.

बुधवारी आम्ही अंगणवाडीत गेलो. लस टोचली, रकाना भरला. सिस्टरनं वजन घेतलं आणि ठिपका ठेवला. तो खाली घसरला होता, हिरव्याच्या बाहेर. "येईल वर," सिस्टर म्हणाली. "पोरींची जात चिवट असती की." पुढच्या तारखेसाठी तिनं शिसपेन उचलली, तेव्हा दिपालीनं तिचा हात धरला. "पेननं लिहा."

आता माझा समास कोरा आहे. ती काही लिहीत नाही, माझ्यावरही नाही आणि फोनवरही नाही. बानूचा ठिपका खरंच वर येतो आहे. मला छापणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे, पुढच्या वेळी तक्त्यात आईसाठीही एक रेष ओढा. दिपालीचा ठिपका कुठल्या पट्ट्यात पडला असता ते मला माहीत आहे, पण तो ठेवायला माझ्यात जागा नाही.

रोज सांजेला ती मला पिशवीतून काढते आणि बोटानं रकाने मोजते. आजवरचे सगळे भरलेले आहेत. ती पुन्हा मोजते. अंबुबाई आतून हाक मारते, "दिपे, भाकरी निवली!"

"आले, आत्या," ती म्हणते, आणि पहिल्या रकान्यापासून परत सुरू करते. तिच्या हिशेबात, त्या सतरा तारखेपासून, अजून एक कमीच येतं. आणि एक कमी आलं की या घरात कुणी जेवत नाही.