खालच्या तीन खुंट्या

मित्रांनो, मी एक जुनी खुंट्यांची फळी आहे. फळीला कसलं आलंय आत्मवृत्त, असं तुम्हाला वाटेल. वाटू दे. सत्तावीस वर्षं एका पाळणाघराच्या दारात उभी राहून मी जे पाहिलं आणि ऐकलं, त्यानंतर गप्प बसणं मला तरी शक्य नाही. माझा जीव अगदी मेटाकुटीला आलाय.

माझा जन्म इंग्लंडातल्या यॉर्कशरमधल्या बार्न्सली गावचा. बेव्हर्ली नावाच्या बाईने आपल्या घरात शेजारपाजारची मुलं सांभाळायचं ठरवलं, तेव्हा तिच्या नवऱ्याने, टेरीने, एका मोडक्या पलंगाची फळी कापून मला बनवलं. टेरी बसचा ड्रायव्हर. सुतारकाम त्याला येत नव्हतं, पण येत नाही हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून मी डावीकडे जरा उतरती आहे. त्याने मला सहा लाकडी खुंट्या बसवल्या, तीन खाली आणि तीन वर. खालच्या तिन्हींवर बेव्हर्लीने, म्हणजे आमच्या बेव्हने, चित्रं रंगवली: बदक, होडी आणि साळिंदर. वरच्या खुंट्यांवर नुसते आकडे.

सहाच का, आणि खाली तीनच का? अहो, तिथेच तर सगळी गोम आहे! सरकारी नियमच तसा आहे. आठ वर्षांच्या आतली फार तर सहा मुलं, आणि त्यातली पाचाच्या आतली तीनच. म्हणजे बुटकी तीन आणि शाळेतून येणारी तीन. टेरीने नियम वाचला आणि मला त्या मापात कापलं. मी नुसती फळी नाही मित्रांनो, मी लाकडातला कायदा आहे!

सुरुवातीची वर्षं फार आनंदाची होती. ओले कोट, चिखलाचे बूट, टोस्टचा वास, दुपारी बीन्स आणि फिशफिंगर. बदकाच्या खुंटीवर पहिला कोट टांगला गेला तो लिअॅनचा. तेव्हा ती दोन वर्षांची होती आणि चावरी होती. माणसं संपली की ती मला चावायची. तिच्या इवल्या दातांच्या खुणा बदकाच्या खुंटीवर आजही आहेत. पुढे ती मोठी झाली, पहाटेच्या पाळीला बेकरीत कामाला लागली, तिला मुलगी झाली, मार्नी. मार्नीचा कोटही त्याच बदकावर आला. तिला अडीच वर्षं झाली तरी ती फारशी बोलत नव्हती. बेव्हकडे आल्यावर चार-पाच शब्द फुटले. पहाटे पावणेसहाला दार उघडणारं पाळणाघर गावात बेव्हचं एकच. बेव्ह नसती तर लिअॅनला बेकरीची नोकरी सोडावी लागली असती, हे ती येता-जाता सांगायची.

कौतुकही झालं माझं. आयाबाया म्हणायच्या, "किती गोड फळी!" तपासणीला येणारे लोकही माझ्याकडे बघून हसायचे. हसता हसता मोजायचे मात्र. एक, दोन, तीन. वर एक, दोन, तीन. काय ती मोजामोज! माझ्यावर कोट किती नीट टांगलेत, कोणी कुणाची टोपी पळवत नाही, हे कोणी लिहून घेतलं नाही कधी.

आणि कागद? कागदांविषयी मला विचारूच नका. फ्रिजचं तापमान लिहा, मुलाच्या गुडघ्याचं खरचटणं लिहा, बागेतल्या गोगलगायींपासूनचा धोका लिहा. तीस वर्षं गावभराची मुलं बसने शाळेत पोचवणारा टेरी स्वतःच्या घरात राहायला योग्य आहे की नाही, याची पोलिसांकडून चौकशी! त्याला तीन महिने लागले. तोवर टेरी म्हणायचा, "बेव्ह, मी आत येऊ का गं, की बाहेर पायरीवर झोपू?"

"झोप पायरीवर," बेव्ह म्हणायची. "पण आधी सही कर, पायरीवर झोपल्याची."

एके वर्षी एका कागदावरची एक सही राहिली, तर तपासणीतला तिचा शेरा एका पायरीने खाली आला. त्या दिवसापासून बेव्ह घाबरट झाली. वाघीण होती हो ती बाई! पण टपालाची फट वाजली की दचकायला लागली.

आता खरी कर्मकथा ऐका.

यंदा ईस्टरच्या सुमाराला बेव्हची मुलगी कर्स्टी आपल्या अकरा महिन्यांच्या रूडीला कडेवर घेऊन आली. "मम, मे महिन्यापासून मी कामावर. रूडी तुझ्याकडे राहील ना?"

आता आजी नाही म्हणेल का? बेव्ह "हो" म्हणाली, नातवाचा पापा घेतला, आणि मग तिची नजर माझ्याकडे गेली. तिचा चेहरा खर्रकन उतरला. कारण नियमात आजीला वेगळं माप नाही. पोटची पोरं मोजायची, नातवंडंही मोजायची. बदकावर मार्नी, होडीवर कासिम, साळिंदरावर नेल. खालच्या तिन्ही भरलेल्या. वर माझी एक खुंटी रिकामी होती, पण ती मोठ्या मुलांची. जागा आहे आणि जागा नाही! मी उभ्या उभ्या चरफडले.

तसा अपवादाला वाव होता. नेल सप्टेंबरात शाळेत जाणार, म्हणजे प्रश्न चारच महिन्यांचा. बेव्हने तपासणीच्या कार्यालयात फोन लावला. पाऊण तास नुसतं संगीत वाजलं. मग एक पोरगेलासा आवाज आला.

"अपवाद करता येतो, मॅडम."

"मग करता का?"

"आम्ही नाही करत. तुम्ही ठरवायचं."

"बरं. मी ठरवलं, की करते. चालेल?"

"चालेल की नाही ते आम्ही नाही सांगू शकत. तपासणीत तुम्हाला ते पटवून देता आलं पाहिजे."

"आणि नाही पटलं तर?"

"तर ते अहवालात येईल."

"अरे बाबा, मग आत्ताच सांग ना, पटतंय का!"

"आत्ता आमची तपासणी चालू नाहीये, मॅडम."

बेव्हने फोन ठेवला नाही, आदळला. मित्रांनो, मला हात असते तर मीही आदळला असता. तीन वेळा फोन झाले आणि तीन आवाजांनी तेच दळण दळलं. होकार देईनात आणि नकारही देईनात. टेरी म्हणाला, "हे लोक बस चालवायला बसले तर ब्रेकही दाबणार नाहीत आणि वेगही घेणार नाहीत. उतारूंना विचारतील, तुम्हाला काय वाटतं?"

बेव्हने अकरा पानं लिहून काढली. चौथं बाळ कुठे झोपेल, कुठे खाईल, आग लागली तर कोणाला कडेवर घेईन आणि कोण हात धरून चालेल. सगळं बारीक अक्षरात. पण लिहून झाल्यावर अपवाद करायचा तिचा धीरच झाला नाही. तिला ती जुनी सही आठवली. शेरा आणखी एक पायरी घसरला तर पाळणाघरच बंद. तिने पानं ड्रॉवरमध्ये टाकली, आणि शुक्रवारी लिअॅन मार्नीला न्यायला आली तेव्हा माझ्यासमोर, या पॅसेजमध्ये, तिला सांगितलं.

"लिअॅन, राणी, मला एक जागा मोकळी करायचीय. मार्नीच सगळ्यांत शेवटी आलेली. महिनाभराची मुदत देते."

लिअॅन भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. ती मार्नीच्या कोटाची बटणं लावत राहिली, एक बटण दोनदा लावलं. "पावणेसहाला दुसरं कोण दार उघडतं, बेव्ह?"

"कोणी नाही. माहितीये मला."

"तू मला सांभाळलंस. मला वाटलं..." ती मार्नीचा हात धरून उठली. गेली.

बेव्ह माझ्यावर डोकं टेकून रडली. आणि मला इतका संताप आला म्हणून सांगू! कुणाचा? तिचा, नियमाचा, फोनवरच्या आवाजाचा, आणि माझासुद्धा. टेरीने मला एक वीत जास्त कापलं असतं तर, असंही मनात आलं. आहे की नाही मूर्खपणा?

त्या महिन्यात कर्स्टी रूडीला सवय व्हावी म्हणून रोज तासभर घेऊन बसायची. आई जवळ असली की मूल मोजायचं नसतं. तरी बेव्हची भीती एवढी की रूडीचा कोट माझ्यावर टांगू देईना. वरच्या रिकाम्या खुंटीवरही नाही. "उगाच कुणी मोजलं तर?" तो बिचारा कोट जिन्याच्या कठड्यावर पडलेला असायचा. मी रिकामी खुंटी घेऊन बघत राहायची.

आणि नेमकी तेव्हाच तपासणी लागली. मिसेस थ्वेट नावाच्या बाई, चष्म्याला दोरी, हातात वही. त्यांनी मला पाहिलं आणि त्याही मोजायला लागल्या.

तेवढ्यात मार्नी पॅसेजमध्ये आली. तिने कठड्यावरचा रूडीचा कोट ओढला, जमिनीवरून फरफटत माझ्याकडे आणला, टाचा उंच केल्या आणि बदकाच्या खुंटीवर, स्वतःच्या कोटावर टांगला.

"रूडी," ती म्हणाली. मग स्वतःच्या छातीवर हात ठेवून, "मानी. दोघं."

मी जिवाच्या आकांताने धरून ठेवलं, देवाशप्पथ. पण सत्तावीस वर्षांची खुंटी, तिचा स्क्रू सैल झाला होता आणि कोणी बघितलं नव्हतं. कट्! बदक, दोन कोट आणि टेरीचा गंजका स्क्रू, सगळं खाली.

मार्नीने भोकाड पसरलं. आणि मित्रांनो, बेव्ह फुटली. "लिहा! लिहा तुमच्या वहीत! एक जागा कमी पडते म्हणून या पोरीला काढतेय मी. तिच्या आईची नोकरी जाणार. तीनदा फोन केला, एकही जण हो म्हणेना की नाही म्हणेना!"

मिसेस थ्वेटनी वही मिटली. "काही लिहून ठेवलंय तुम्ही?"

बेव्हने ड्रॉवरमधली अकरा पानं आणून त्यांच्या पुढ्यात टाकली. बाई तिथेच जिन्याच्या पायरीवर बसल्या आणि सगळी वाचली. टेरीने चहा आणून दिला, तो निवला.

"चौथं मूल कसं सांभाळाल ते सगळं यात आहे," त्या म्हणाल्या. "मग नको कोण म्हणालं?"

"तुम्ही!"

"मी तर आत्ता आलेय."

बाई उठल्या. "परवानगी देणं माझ्या हातात नाही, ते तुम्हाला फोनवर सांगितलंच असेल."

"तीनदा," टेरी म्हणाला.

"पण सप्टेंबरपर्यंत चौघं राहिली तर आक्षेप घ्यावा असं मला इथे काही दिसत नाही. ते मी तसं लिहीन."

त्या दिवशी लिअॅन आली ती रिकामी पिशवी घेऊन. मार्नीचे जादाचे कपडे न्यायचे होते. बेव्हने पिशवी तिच्या हातातून काढून घेतली. "सोमवारी पावणेसहाला. नेहमीसारखी. आणि माझं चुकलं गं."

लिअॅनने जमिनीवरची खुंटी उचलली. दातांच्या खुणांवरून अंगठा फिरवला. "ही मी खाल्लेली ना?" म्हणाली, आणि मग मात्र ती रडली, हसत हसत.

टेरीने खुंटी पुन्हा बसवली, या वेळी लांब स्क्रूने. शेजारी रूडीसाठी एक नवी लावली, तिच्यावर मार्नीच्या हट्टापायी आणखी एक बदक. नंतर अहवाल आला. बेव्हचा शेरा वर गेला. सुधारणेसाठी एकच वाक्य होतं: "दारातली खुंट्यांची फळी सैल असून धोकादायक आहे." सत्तावीस वर्षांच्या चाकरीचं हे बक्षीस! घ्या!

तरी मी तुम्हाला एक सांगते, मित्रांनो. मोजणं वाईट नाही. एका खुंटीवर दोन कोट पडले की काय होतं ते माझ्याइतकं कोणाला ठाऊक? मोजा, जरूर मोजा. पण मोजून झालं की खुंटी हलवूनही बघा. आणि ज्या बाईच्या भरवशावर तुमची आई पहाटे कामाला जाते, तिचीही विचारपूस करा. ती सैल झालेली दिसली तर वहीत लिहून निघून जाऊ नका. पायरीवर बसा, तिची अकरा पानं वाचा, आणि स्क्रू आवळून द्या.

त्या सोमवारी पहाटे पावणेसहाला बेव्हने दार उघडलं. बदकावर मार्नीचा कोट आला. मी धरून ठेवलाय.