शून्य अपघातांचा रस्ता

बिनड्रायव्हरच्या गाड्या आल्यापासून त्या रस्त्यावर एकही अपघात झाला नव्हता. ऑफिसातले साहेब खूश होते. पाहणी करणाऱ्या मुलीला मात्र चैन पडेना. या गाड्यांनी लोकांचं भलं केलं की वाईट, हे शोधणं तिचं काम. आणि असं गोडगोड उत्तर आयतं हाती आलं की तिच्या मनात हमखास पाल चुकचुकायची.

म्हणून ती कोपऱ्यावर स्टूल टाकून बसली. सकाळभर बघत राहिली आणि मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. अहो, अपघात होणार तरी कुणाला? रस्ता ओलांडायला कुणी उतरतच नव्हतं! अलीकडचे अलीकडे, पलीकडचे पलीकडे.

अलीकडे तिची मावशी राहायची, आणि बरोबर समोर ती आणि तिची आई. दोघी बहिणी रोज दुपारी एकमेकींकडे चहाला जायच्या. ते बरेच दिवस बंद पडलं होतं. "रुसली असेल. राग कायम नाकावर!" असं आई म्हणायची, आणि मुलीनेही ते खरं धरलं होतं. घरचे रुसवेफुगवे ऑफिसच्या कामात कोण धरतं?

ती तडक मावशीकडे गेली.

"मावशी, तू समोर का येत नाहीस?"

"गुडघे गं."

"भाजी आणायला बरे चालतात!"

मावशी ओशाळली. "अगं, पूर्वी ड्रायव्हरच्या डोळ्यांत बघायचं. त्याने मान हलवली की निघायचं. आता बघू कुठे? काचेमागे खुर्ची रिकामी. थांबते ती, नाही असं नाही. पण माझ्यासाठी थांबली की आपली सहज, हे कसं कळायचं? तुझ्या आईला बोलू नकोस. लहानपणापासून मला भित्री भागूबाई म्हणते."

"ती म्हणते, तू रुसलीस."

"मी? रुसली ती! नाहीतर ताई आली नसती?"

मुलीला हसू आलं. तिने आईला फोन करून खाली बोलावलं.

दोघी दोन कडांना उभ्या राहिल्या. एक गाडी आली आणि थांबली.

"ये की गं!" आई ओरडली.

"तू ये! थोरली आहेस ना?"

मागे गाड्यांची रांग लागली, पण एकही हॉर्न वाजेना. मुलीने मावशीचा हात धरला असता. पण आधी कोण उतरतं, ते तिला बघायचं होतं.

आईने एक पाय खाली टाकला. गाडीकडे बघितलं आणि पाय चटकन मागे घेतला.

मावशीने ते पाहिलं. कुत्र्यापुढे, मास्तरांपुढे, सासरच्यांपुढे जी कायम तिच्या आधी जाऊन उभी राहिली, ती हीच ताई. मावशीने गाडीकडे बघितलंसुद्धा नाही. तरातरा रस्ता ओलांडून तिने आईचा हात धरला.

"ताई, तू घाबरलीस?"

"हो गं," आई म्हणाली, आणि काही केल्या तिचा हात सोडेना.