काडेपेटी नसलेल्या काळाची कादंबरी

मित्रांनो, वाचनालयाच्या मागच्या कपाटात, पाठीवर कापडी पट्टी डकवलेली जी जाडजूड कादंबरी दिसते ना, ती मी. पट्टी ग्रंथपालबाईंनी डकवली, कारण माझा कणा मोडला होता, आणि तोही एकाच ठिकाणी. मला हातात घेऊन सैल सोडलं की मी आपोआप त्याच पानावर उघडते. कोणत्या, ते सांगायला नको. ज्यांनी मला वाचलंय ते ओळखून आहेत, बाकीच्यांना हातात घेताच कळेल.

माझी गोष्ट तीनशे वर्षांपूर्वीची. एक सेनापती आणि राजवाड्याच्या भिंती रंगवणारी एक विधवा चित्रकार, या दोघांच्या प्रेमाची. नुसत्या प्रेमाची नव्हे, शृंगाराची. माझी लेखिका दिवसभर एका दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसायची आणि संध्याकाळी भांडी आवरून झाली की ओट्याशेजारच्या टेबलावर मला लिहायची. छापखान्यात मुद्रितं तपासणाऱ्या गृहस्थांनी तिला विचारलं होतं, "बाई, त्या काळात काडेपेटी होती का हो? तुमचा सेनापती खुशाल काडी ओढून दिवा लावतोय."

"नसेल," ती म्हणाली. "पण त्याला चकमक झाडत बसवलं, तर तिचा चेहरा त्याला दिसणार कधी?"

गृहस्थ हसले. काडी तशीच राहिली.

वाचनालयात आल्यावर मला उसंत कशी ती मिळेना. कुणी मला वर्तमानपत्राचं कव्हर घालून नेई, कुणी पाककृतींच्या दोन पुस्तकांमध्ये दडवून परत आणी. परत करताना मात्र सगळे एकजात तोंड वाकडं करत. "काहीच्या बाही लिहिलंय," म्हणत, आणि जाता जाता हळूच विचारत, "या बाईंचं अजून काही आहे का?"

मग नव्या कादंबऱ्या आल्या आणि मी मागे पडले. पुढे एकदा कपाटं रंगवायला काढली. सगळी पुस्तकं जमिनीवर आली, आणि परत लावताना मुखपृष्ठावरची तलवार पाहून कुणीतरी मला इतिहासाच्या कपाटात ठेवून दिलं. तिथेच मी सरांच्या हाती लागले.

सर म्हणजे इतिहासाचे निवृत्त शिक्षक. शिस्तीचे, सरळ, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण चुकीची सनावळ दिसली की त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. ते मला घरी घेऊन गेले आणि शिसपेन्सिल घेऊन बसले. काडेपेटीखाली रेघ. पुरुषभर उंचीच्या आरशाखाली रेघ. "अगं, ऐकलंस का? हिच्या राजवाड्यात घड्याळाचे टोले पडतायत!" ते आतल्या खोलीकडे ओरडून सांगत. आतून काकू, म्हणजे त्यांची बायको, नुसतं "हं" म्हणत.

सर फिरायला गेले की काकू मला उचलत. चष्मा पुसत, दाराकडे एकदा बघत आणि वाचायला बसत. त्या कुठेच रेघ मारत नसत. एका पानावर मात्र त्या फार वेळ थांबत. तुम्हाला वाटेल, माझा कणा मोडलाय त्या पानावर. तसं नव्हतं. त्याच्या अलीकडच्या पानावर.

वाचनालयात महिन्यातून एकदा वाचक जमत आणि एका पुस्तकावर बोलत. सरांनी आग्रह धरून माझी पाळी लावली. मला टेबलावर मधोमध ठेवलं होतं. "हे पुस्तक काढून टाकावं, असं माझं म्हणणं आहे," सरांनी सुरुवात केली. "चावट आहे म्हणून नव्हे. खोटं आहे म्हणून."

परिचारिका असलेल्या एक ताई म्हणाल्या, "सर, दिवसभर रोग्यांचं करून मी घरी येते. तेव्हा मला सनावळ्या नको असतात. कुणीतरी कुणालातरी प्रेमाने हात लावतंय, एवढं वाचायला मिळालं तरी पुरे."

"पण खोटं ते खोटंच," बँकेतल्या मॅडम म्हणाल्या. "माझी मुलगी हे वाचून तो काळ असाच होता म्हणून बसेल. इतिहासाचं नाव घेतलंत तर थोडा अभ्यास करा ना!"

शिंपीकाकांची तक्रार वेगळीच होती. "एवढे बंद, एवढ्या गाठी, आणि हा गडी एका ओळीत सगळं मोकळं करतो! शिवणाऱ्याचा काही विचार?"

सगळे खळखळून हसले. सर हसले नाहीत. काकू थांबत त्याच पानावर त्यांनी मला उघडलं. "काडेपेटी सोडून देऊ. आरसाही सोडून देऊ. सगळ्यात मोठी चूक इथे आहे. हा सेनापती तिच्या खोलीत येतो, दारात उभा राहतो आणि विचारतो, 'मी आत आलेलं तुला चालेल का?' ती नाही म्हणते. आणि हा परत जातो! एवढा मोठा सेनापती! अहो, त्या काळात बायकांना असं कुणी विचारत नसे. याला एकही पुरावा नाही."

सरांबरोबर आलेल्या काकू मागच्या खुर्चीवरून बोलल्या. आवाज चढवला नव्हता, तरी सगळ्यांना ऐकू गेलं.

"त्या काळात विचारत नसतील. त्यानंतरही बरीच वर्षं कुणी विचारत नव्हतं."

ताईंनी मान खाली घातली. सरांनी मला मिटलं, पण बोट आतच राहिलं.

ग्रंथपालबाईंनी निर्णय पुढच्या बैठकीवर ढकलला. रद्दीच्या पोत्यात जायचं की कपाटात राहायचं, हे तेव्हा ठरणार होतं. सर मला पुन्हा घरी घेऊन आले. घरी आल्यावर काकू भाजी निवडायला बसल्या. सर समोरच्या खुर्चीवर मला मांडीवर घेऊन बसले.

मग त्यांनी विचारलं, "तुला माझा राग होता?"

"राग नव्हता," काकू म्हणाल्या. "सवय झाली होती."

"मला वाटायचं, तुला काही म्हणायचं नसतं," सर म्हणाले.

"तुम्ही वाईट नव्हतात हो. कधी हात उगारला नाहीत, कधी घरात काही कमी पडू दिलं नाहीत. फक्त कधी दारात थांबला नाहीत."

काकूंच्या पुढ्यातली अर्धी भाजी सरांनी ओढून घेतली आणि तेही निवडू लागले.

पुढच्या बैठकीला सरांनी स्वतःच मला आणलं. "राहू द्या हिला," ते ग्रंथपालबाईंना म्हणाले. "चुका आहेतच, त्या मी मागे घेणार नाही. फक्त इतिहासाच्या कपाटात ठेवू नका, एवढं करा."

तेव्हापासून मी या मागच्या कपाटात आहे. फारसं कुणी नेत नाही. पण काकू मला अधूनमधून मागवतात. आता त्यांची बोटं आखडली आहेत, माझं वजन पेलत नाही. मग सर शेजारी बसून मला धरतात. वाचतात त्या, पानं उलटतात ते. प्रत्येक पानाच्या शेवटी सर विचारतात, "उलटू?" काकू कधी मान हलवतात. कधी म्हणतात, "थांबा." मग सर थांबतात. कितीही वेळ.

मित्रांनो, माझ्या चुका जरूर काढा, लेखिकेला चार शब्द सुनवा. पण माझे कोपरे दुमडू नका, मला उपडी टाकून उठून जाऊ नका. आणि दोघं मिळून वाचत असाल, तर शेजारच्याचं वाचून झालंय का, एवढं विचारल्याशिवाय पान उलटू नका.