डोळे झाकून पाहिलेला चित्रपट

मी एक जुना चित्रपट बोलतोय. घोडेस्वारांचा की भुताचा, हे मात्र मला आजही खात्रीने सांगता येत नाही. दिग्दर्शकाला घोडे, बंदुका आणि धूळ हवी होती. निर्मात्याच्या मेहुण्याला भूत हवं होतं. मेहुण्याचं मन कोण मोडणार? म्हणून माझा नायक मध्यंतराआधी गोळी लागून मरतो आणि मध्यंतरानंतर थडग्यातून उठून, घोड्यावर बसून मारेकऱ्यांच्या मागे लागतो. हे कुणाला पटेल का, अशी शंका मला पहिल्या खेळापासून होती.

नायक म्हणून घेतला होता एक घोडे शिकवणारा. अभिनय बेताचाच, पण घोड्यावरची बैठक पक्की. तोंडाला पांढरी पावडर फासून तो उठला की थिएटरभर लोक डोळे झाकून घेत. त्याच्या लहान मुलीने तर घरी बापाजवळ जाणंच सोडलं. बिचारा तिच्यासमोर तोंड धुवायचा.

"बघ, निघालं की नाही?"

"आतून नाही निघालं," ती आईच्या मागून म्हणायची.

पुढे तिची भीती गेली, पण त्याने पुन्हा सिनेमात काम केलं नाही. माझ्यामुळेच असावं. तो वारला. मी डब्यात पडून राहिलो, अंगाला आंबूस वास सुटला.

मग एके दिवशी ती मुलगी आली. केस पांढरे झालेले. जुन्या फिल्म दुरुस्त करणाऱ्या बाईंनी मला टेबलावर ठेवलं होतं.

"बाकीचं वाचेल, आजी. पण ते थडग्यातून उठतात तो भाग चिकटून बसलाय. उलगडला की चित्र सुटून येणार. कॉपी काढण्याइतकं टिकायचं नाही."

"आणि नाही उलगडला तर?"

"तर राहील तसाच. कुणाला दिसणार नाही."

"मला कुठे दिसला होता? मी डोळे झाकून बसलेली." तिने खुर्ची टेबलाजवळ ओढली. "उलगडा. एकदा नीट बघते त्यांना."

बाई मला जपून सोडवू लागल्या. तिने भिंगाला डोळा लावला. मी धास्तावलो. या वयात पुन्हा घाबरली तर?

"अगंबाई, हे काय करताहेत?"

मेलेला नायक घोड्यावर बसण्याआधी त्याच्या मानेवरून हात फिरवत होता. मग वाकून कानात काहीतरी बोलला. दिग्दर्शकाचं लक्ष धुराकडे, प्रेक्षकांचे डोळे मिटलेले. हे कुणी पाहिलंच नव्हतं.

"बाबांचाच घोडा तो. घाबरू नकोस, म्हणून सांगताहेत त्याला," ती म्हणाली आणि हसली. मग तिने चष्मा पुसायला घेतला. तोवर पाहून झालेलं चित्र कपच्या होऊन टेबलावर पडलं होतं.

आता मी पुन्हा पडद्यावर येतो, पण अपुरा. माझा नायक मरतो आणि एकदम घोड्यावरच दिसतो. मधलं काही कळलं नाही, तर खुशाल मला नावं ठेवा. पण लगेच उठून जाऊ नका. पुढच्या रांगेत एक म्हातारी बसलेली असते, तिला विचारा. ती उभी राहून, हात उंचावून, घोड्याची मान कुठवर येत होती तेसुद्धा दाखवते.