मानेचा होकार

"अंधारात तुम्हाला नीट दिसलं नसेल, खरं ना?"

साक्षीदाराची मान हलली.

"हलली. 'हो' लिहा," सरकारी वकील वेक्सली म्हणाले.

नडीन ह्राबाकची बोटं स्टेनोच्या यंत्रावर थांबली. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या त्या लहानशा काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, ग्रँड ज्युरीपुढची प्रत्येक साक्ष तीच टिपून घेई. त्या खोलीत न्यायाधीश नसतो, आरोपीचा वकीलही नसतो. सरकारी वकील असतो, साक्षीदार असतो, खटला भरायचा की नाही हे ठरवणारी गावातली माणसं असतात; आणि कोपऱ्यात नडीन असते. तिला सगळे फर्निचर समजतात.

"त्यांची मान सकाळपासून हलतेय," फर्निचर म्हणालं. "शपथेच्या आधीपासून. मघाशी तुम्ही शिंकलात, त्यालाही त्यांनी होकार दिला."

"कंपवात आहे," म्हातारे डेल्बर्ट फ्युगेट मान डोलावत म्हणाले. "बायको होती तेव्हा फार सोयीचा होता."

ज्युरीत कोणीतरी हसलं. नडीनने हसूही टिपलं.

काउंटीचा पोलीसप्रमुख असलेल्या शेरीफच्या एका शिपायाने डेल्बर्टच्या शेजारची कोरी नावाची मुलगी गाडीने सायकलीसकट उडवली होती. ती जागीच गेली. गाडीचे दिवे चालू होते, असं शिपाई सांगत होता. बघणारे एकटे डेल्बर्ट. त्यांना नीट दिसलं नव्हतं असं कागदावर आलं, की शिपाई सुटला; आणि वेक्सलींना तेच हवं होतं.

"नडीन, लिहिणं थांबवा."

"'लिहिणं थांबवा.' लिहिलं."

"हे लिहू नका."

"तेही आलं."

वेक्सलींनी टाय सैल केला. तेवढं मात्र तिने लिहिलं नाही. टायला आवाज नसतो.

"सोमवारपासून तुमच्या जागी दुसरं कोणीतरी येईल," ते हळूच म्हणाले.

"जरा मोठ्याने बोला, वकीलसाहेब. ज्युरीला ऐकू गेलं नसेल."

ज्युरीला गेलं होतं. मागच्या रांगेत एक बाई विणत बसली होती. तिने सुया मांडीवर ठेवल्या. "आजोबा, दिवे चालू होते की बंद? मी विचारतेय. मला विचारता येतं ना?"

वेक्सलींना 'येतं' म्हणावं लागलं. नडीनने ते आनंदाने लिहिलं.

"बंद होते," डेल्बर्ट म्हणाले. "कोरी घंटी वाजवत चालली होती. तिला गाडी दिसलीच नाही. मला दिसली."

मान आपली होकार देतच होती. पण आता शब्द होते, आणि शब्द टाइप होतात.

दुपारी नडीनने यंत्राची तिवई मिटली, पेटी बंद केली आणि दाराची किल्ली वेक्सलींच्या टेबलावर ठेवली. बाहेर बाकावर डेल्बर्ट बसची वाट बघत बसले होते. तिने पिशवीतून थर्मास काढला.

"कॉफी घेणार?"

मान लगेच हलली. नडीन झाकणावर हात ठेवून थांबली.

"हो," डेल्बर्ट म्हणाले.

मग तिने कप भरला.