वेताळाचे सुळे

नीळकंठतात्यांनी तरुणपणी भुतांवर पोट भरलं. पुण्याच्या एका छापखान्यासाठी ते भुताखेतांच्या चित्रकथा रंगवायचे. भूत काही समोर येऊन बसत नाही, म्हणून तात्या माणसं बघायचे. इंदापूरच्या बाजारात कुणाचं नाक उचल, एसटीत कुणाच्या भुवया उचल, असा उद्योग. सगळ्यांत गाजला तो वडावरचा वेताळ. तो मात्र अख्खाच्या अख्खा भिगवणच्या खानावळवाल्या बिरदेवआबांवरून काढलेला होता. ताटात मासा टाकून उठले म्हणून आबांनी तात्यांना चारचौघांत झापलं होतं, त्याचा त्यांनी कुंचल्यानं सूड उगवला. दोन सुळे तेवढे पदरचे घातले.

परवा नातीनं, वल्लरीनं, ते जुनं मुखपृष्ठ बारामतीहून मोठं करून आणलं आणि बैठकीच्या खोलीत स्क्रूनं पक्कं बसवलं. तात्यांची छाती फुगली. ती फुगलेली असतानाच वल्लरीनं घरात मोहितचं नाव सांगितलं. पोरगा गुणाचा, दोघं एकमेकांवर जीव टाकणारी. त्याचे वडील भिगवणचे हिंदुराव. म्हणजे कुणाचे? तर बिरदेवआबांचे चिरंजीव. हे तात्यांना कळलं ते पाहुण्यांची गाडी दारात लागल्यावर. व्याह्याच्या बापाचा वेताळ करून भिंतीला लावलेला, आता सोयरीक कसली होतेय!

चौकट निघेना. तात्यांनी घाईघाईनं कारखान्याचं कॅलेंडर तिच्यावर अडकवलं. वेताळाचे पिंजारलेले केस तेवढे वर राहिले.

पोहे आले, चहा आला. देण्याघेण्याचं नाव कुणी काढलं नाही, सगळं गोडीगुलाबीनं चाललं होतं. तात्यांचे डोळे मात्र कॅलेंडरवरच, त्यांनी बशी अर्धी भरलेलीच ठेवून दिली. तेवढ्यात हिंदुराव म्हणाले, आता तारीख धरूनच उठू. तात्या सगळ्या तिथी तोंडपाठ असल्यासारखे सांगू लागले, पण यशोदाबाईंचा नवऱ्याच्या पाठांतरावर कधीच भरवसा नव्हता. त्यांनी कॅलेंडर उतरवलंसुद्धा.

हिंदुरावांनी कप खाली ठेवला. उठून ते चित्रापुढं उभे राहिले. वल्लरीचा चेहरा पाहून तात्यांना राहवेना.

"हिंदुराव, चूक माझी हाय. पोरीला तिची शिक्षा नका देऊ."

हिंदुरावांनी उपरण्यानं डोळे पुसले. "तात्या, आमच्या आबांचा घरात एकबी फोटू न्हाय. फोटूवाला दिसला की शिव्या घालायचे. माझ्या पोरानं आज्याचं तोंड आज पयल्यांदा बघितलं."

मग त्यांनी मोहितला बोलावून पाया पडायला लावलं. सुटाबुटातला जावई वेताळापुढं वाकला, तशी वल्लरी ओढणी तोंडाला लावून हसत सुटली. हे चित्र लग्नात मांडवात हार घालून ठेवायचं, असंही ठरलं.

तात्यांचा जीव भांड्यात पडला. आपल्या हातून आज्याची आणि नातवाची गाठ पडली, याचा त्यांना वेताळ गाजला तेव्हापेक्षा जास्त आनंद झाला. मांडवापूर्वी रंग मारून सुळे झाकून देतो, असं त्यांनी आपणहून कबूल केलं.

"ऱ्हाऊ द्या," हिंदुराव म्हणाले. "ताटात टाकलेलं दिसलं की आबांना आसेच सुळे यायचे."

तात्यांनी हळूच भिंतीकडं पाहिलं, गार झालेल्या पोह्यांची बशी जवळ ओढली आणि खाली मान घालून ती पुसून खाल्ली.